वरची बांगडी

“हात सैल सोड. आवळून धरलास तर बांगडी टिचंल,” महानंदा म्हणाली.

ऋतुजाने हात सोडला, पण अंगठ्याखालचं हाड ताठच राहिलं. महानंदाने तिची पाचही बोटं आपल्या मुठीत जमवली, हळूच दाबली आणि सव्वादोनच्या मापाची हिरवी बांगडी त्या हाडावरून अशी सरकवली की ती मनगटात पडल्यावरच पोरीला कळलं. मग बाही आड येते असं दाखवून तिने ऋतुजाची बाही कोपराच्या वर सारली. मागच्या बाजाराला दंडावर जे निळं होतं ते आता पिवळं पडत आलं होतं. त्याच्या शेजारी नवं उठलं होतं, बारीक आणि लांब.

“ह्ये कशाचं?”

“चार्जरची वायर,” ऋतुजा म्हणाली, आणि तिची नजर वर गेली.

वर, पुढच्या किराणा दुकानाच्या आणि मागच्या बांगड्यांच्या खोलीच्या मधल्या चौकटीवर, कॅमेरा होता. पांढरा, गोल, मूठभर. त्याच्यावर झेंडूचा दुपदरी हार घातलेला होता, त्यामुळे त्याची फक्त हनुवटी तेवढी दिसत होती.

“त्याला न्हाई दिसत,” महानंदा म्हणाली. “बोल तू.”

आणि ऋतुजा बोलली.

वडवणीच्या बाजारपेठेत सिद्धलिंग आप्पांचं किराणा दुकान सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या मागच्या खोलीत पडद्याआड त्यांची बायको महानंदा बांगड्या भरते, हे मात्र फक्त बायकांना माहीत आहे, आणि तेच बरं. खरं पाहिलं तर बांगड्या भरणं हे वाण्याच्या घरातलं काम नव्हे, ते कासाराचं. पण शेजारची म्हातारी कासारीण गाव सोडून लेकाकडे राहायला गेली, तेव्हा बांगड्यांची पेटी महानंदाच्या मांडीवर ठेवून गेली आणि जाताना दोन गोष्टी सांगून गेली. पहिली ही, की हातावर दिसलं ते तोंडावर आणायचं नाही. दुसरी ही, की बाईचे दोन्ही हात भरून झाले की एक बांगडी वरची घालायची, तिचा पैसा घ्यायचा नाही. ती आशीर्वादाची. मग ती बाई खाली वाकून नमस्कार करते, आणि भरणारीने “भरल्या हातानं राहा” म्हणायचं.

महानंदाने दोन्ही गोष्टी पाळल्या. अर्ध्या तालुक्याचे हात तिच्या हातातून गेले. कुणाच्या हाताला खुरपं लागलंय, कुणाच्या हाताला उसाचं पातं, आणि कुणाच्या हाताला नवरा, हे तिला बघताक्षणी कळायचं. ज्यांना सांगायचं असेल त्या सांगायच्या. बाजाराच्या दिवशी त्या पडद्याआड जेवढं रडू सांडलं तेवढं तालुक्यातल्या कुठल्या देवळातही सांडलं नसेल. पडद्याच्या अलीकडे आप्पा साखर जोखत बसायचे. त्यांनी कधी कान दिला नाही. तेवढे ते सज्जन होते, आणि पुढे काय झालं ते सांगतानाही हे मला सांगितलंच पाहिजे.

कॅमेरा लावला त्यांच्या मुलाने, राजेश्वरने. तो चाकणला कंपनीत असतो. श्रावणात आप्पा गादीवर बसल्याबसल्या कोसळले. महानंदा तेव्हा भाजीचं माळवं आणायला गेली होती, आणि ते किती वेळ तसे पडून होते ते कुणालाच सांगता आलं नाही. बीडच्या दवाखान्यातून ते परत आले, पण राजेश्वरच्या मनातून ती गोष्ट जाईना. दसऱ्यासाठी दोन दिवस आधी तो घरी आला तो हा कॅमेरा घेऊनच. मान फिरवणारा कॅमेरा. चाकणला बसून बोट फिरवलं की इथे तो डावीउजवीकडे बघायचा.

“आन् हिकडं बायका बसत्यात त्याचं काय?” महानंदाने विचारलं होतं.

“आई, मला काय करायचंय बायकांकडं बघून? आप्पा दिसले की बास.”

पोरगं खरं बोलत होतं. पण बायका कॅमेरा बघून परत फिरायला लागल्या. पुरुषमाणसाची नजर नको म्हणून तर पडदा, आणि आता पडद्याच्या डोक्यावरच डोळा. एक म्हातारी तर म्हणाली, “ह्यापरीस रस्त्यावर बसून भरलेल्या बऱ्या.” महानंदाला ते लागलं. त्याच्या आधी खंडेनवमीला घरात तराजू, मापं, सुरी, अडकित्ता यांची पूजा झाली होती, आणि राजेश्वरनेच हौसेने नव्या कॅमेऱ्यालाही कुंकू लावून हार घातला होता. तेव्हा दिवसभर त्याच्या मोबाईलवर नुसतं पिवळं दिसलं म्हणून तो हसला होता. महानंदाच्या ते लक्षात राहिलं.

तेव्हापासून दर बाजाराला ती सकाळी झेंडूचा ताजा हार घ्यायची, स्टुलावर चढायची, कॅमेऱ्याला कुंकवाचं बोट लावायची आणि हार घालायची. पूजेच्या हाराला घरात कोण हात लावणार? राजेश्वर फोनवरून कुरकुरला.

“आई, बाजाराच्या दिवशीच तर गर्दी असती, आप्पांना धाप लागती. आन् नेमका त्याच दिवशी हार.”

“तुझ्या मशीनची पूजा करती मी, आन् मलाच बोलतूस व्हय रे?”

त्याने फोन ठेवला. महानंदा स्वतःवर खूश झाली. आपण शिकल्यासवरल्या पोराला कसं गुंडाळलं, असं तिने दोघीतिघींना सांगितलंही. मांजर डोळे मिटून दूध पितं तसंच हे, पण ते तिला कोण सांगणार? कॅमेऱ्याला डोळा असतो एवढंच तिला माहीत होतं. बँकेत कॅमेरा असतो, तो बघतो. एसटी स्टँडवर कॅमेरा आहे, तोही बघतो. तो ऐकतो, असं तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मुद्दाम लपवलं असंही नाही. राजेश्वरच्या लेखी ती सांगायची गोष्टच नव्हती.

ऋतुजा आश्रुबाची सून. डोंगरपट्ट्यातल्या वस्तीवर आश्रुबाची मेंढरं, आणि लेक पिकअपमधून आठवडी बाजारांना शेळ्या-बोकडं घेऊन जाणारा. लेकाचं नाव माऊली. नाव ठेवणाऱ्यांना पुढचं काय ठाऊक असतं?

लग्नात माऊलीने तिला नवा मोबाईल दिला होता. भावकीत कौतुक झालं. त्या मोबाईलमध्ये काय करून ठेवलं होतं ते ऋतुजाला नंतर कळलं.

“त्याच्या मोबाईलवर मी टिंब हाय, आक्का,” ती म्हणाली. “निळं टिंब. मी टाकीवर गेले की टिंब टाकीवर. रानात गेले की टिंब रानात. काल टाकीपाशी बायांत घडीभर उभी ऱ्हायले, तर त्याचा बाजारातनं फोन. म्हनला, कावून थांबली? कोन हाय तिथं? म्या म्हनलं, बाया हायेत. म्हनला, फोटू काढून पाठव.”

“मंग पाठवायचा.”

“पाठवला. तर म्हनला, फोटूत न्हाई तो कुटं हाय?”

महानंदाने पुढची बांगडी उचलली. अशा माणसाला काय उत्तर देणार?

“बंद करून ठिवला तर लई मारतो. घरी इसरले तर त्याच्यापरीस जास्त. हितं यायला तेवढं काय म्हनत न्हाई. बायकांच्या बांगड्या म्हनल्यावर त्याला वाटतं, हितं काय व्हनार?” ऋतुजा जरा हसली. हसल्यावर ती फारच लहान दिसायची. “टिंबाला पाय आसते तर त्येच पळून गेलं आसतं, आक्का.”

महानंदाच्या हातात पुढची बांगडी होती. ती तशीच राहिली.

“टिंब कशाला पळंल?” ती हळूच म्हणाली. “टिंब राहू दे हितं. पेटीत. तू पळ.”

आणि मग त्या दोघींनी, झेंडूच्या हाराखाली बसून, सगळं ठरवलं. नेकनूरला ऋतुजाची मावशी होती, एका वसतिगृहात स्वयंपाक करायची. महानंदाने आपल्या मोबाईलवरून तिला फोन लावून दिला. मावशी आधी घाबरली, मग रडली, मग म्हणाली, बीडच्या स्टँडवर मी स्वतः येऊन उभी राहते. पुढच्या बाजाराला माऊली दिंद्रुडकडे बोकडं घेऊन जायचा होता. ऋतुजाने नेहमीसारखं बांगड्या भरायला यायचं, मोबाईल पेटीत ठेवायचा, मागच्या दाराने निघून दुपारची बीडची गाडी धरायची. टिंब बांगड्यांच्या दुकानात, ती नेकनूरला. संध्याकाळपर्यंत कुणाला काही कळायचं नाही.

“आन् तुमाला इचारलं मंग?” ऋतुजा म्हणाली.

“म्हनन, मोबाईल इसरून गेली बया. मला काय ठावं?”

तिने वरची बांगडी घातली. ऋतुजा वाकली आणि तिने पायांवर डोकं टेकवलं ते जरा जास्तच वेळ. महानंदा “भरल्या हातानं राहा” म्हणाली. मग तिला वाटलं, आज दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी महानंदा अंधार असतानाच उठली. तिने दशम्या केल्या, फडक्यात लसणाची चटणी बांधली, आपलं एक जुनं लुगडं पिशवीत घातलं. आप्पा इष्टलिंगाची पूजा आटोपून चहाला बसले, पण चहा अर्धाच टाकून उठले. तिने विचारलं, बरं वाटत नाही का? ते म्हणाले, ठीक आहे. ते तिच्याकडे बघत नव्हते. तीही त्यांच्याकडे बघत नव्हती, म्हणून ते तिच्या ध्यानात आलं नाही.

त्या दिवशी तिने मोठा हार आणला.

बायका येत गेल्या. महानंदाचं लक्ष पडद्याकडे. पडदा हलला की ती मान वर करायची, आणि दुसरंच कुणी आत यायचं. दुपार चढली. एका नव्या नवरीचा डावा हात भरून झाला होता, उजवा बाकी होता. स्टँडकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला तशी महानंदा “आलेच” म्हणून उठली ती मागच्या दाराने थेट स्टँडवर. बीडची गाडी भरत होती. तिने दोन्ही बाजूंनी खिडक्या पाहिल्या. कंडक्टरने विचारलं, “मावशी, बसायचं का?” तिने मान हलवली. गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत ती तिथे उभी होती.

परत आली तर नवरी एक हात भरलेला, एक रिकामा अशी तशीच बसून होती. महानंदाने तो हात भरला. टिचली नाही एकही. हाताला सवय असते.

गिऱ्हाईक ओसरल्यावर आप्पा पडद्याशी येऊन उभे राहिले. ते कधी पडद्याच्या आत येत नसत. त्या दिवशीही आत आले नाहीत.

“ती येत नसती आज,” ते म्हणाले.

“कोन?”

“तुला ठावं हाय कोन. आश्रुबाची सून.”

महानंदाने हातातलं फडकं खाली ठेवलं.

“राजूचा फोन आल्ता,” आप्पा सांगू लागले. “त्यानं समदं ऐकलं. लई घाबरलाता. म्हनला, आई कशाच्या भानगडीत पडली? उद्या तो माऊली दुकानावर चाल करून आला, पोलीस केस झाली, तर आप्पा तुमाला झेपंल का?”

“कशानं ऐकलं त्यानं? म्या हार घातलाता.”

आप्पांना तिचं म्हणणं क्षणभर कळलंच नाही. मग त्यांनी वर बघितलं, हाराकडे, आणि मग बायकोकडे. “हारानं आवाज थांबतो व्हय?”

महानंदाही वर बघत राहिली. फुलांच्या आड एक बारीक हिरवा दिवा जळत होता. तो नेहमीच जळायचा. तिला वाटायचं तो देव्हाऱ्यातल्या दिव्यासारखा नुसता असतो.

“मंग तुमी काय केलं?”

“काय करनार? आश्रुबाच्या कानावर घातलं. तीस वर्साचा घरोबा हाय. म्हनलं, पोरीला माराझोडायचं न्हाई, शब्द दे. त्यानं दिला शब्द. ह्या गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगतो, म्या तिच्या भल्याचंच केलं. घरातलं घरात मिटावं.”

त्यांचा हात खरंच सदऱ्याच्या आत गेला होता. महानंदाला नवऱ्याचा राग आला, असा राग तिला उभ्या जन्मात आला नव्हता. आणि त्याच वेळी तिला दिसलं की त्यांचे ओठ निळसर पडलेत आणि ते चौकटीला धरून उभे आहेत. तिने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

ते बसले, तशी ती भिंतीपाशी गेली आणि कॅमेऱ्याची पिन ओढून काढली. हिरवा दिवा गेला. जरा वेळातच तिचा मोबाईल वाजला.

“आई, कॅमेरा बंद दाखवतोय. आप्पा बरे हायेत ना?”

“तू ऐकत व्हतास?”

पलीकडे मशिनांचा आवाज येत होता. राजेश्वर कुठेतरी बाजूला गेला असावा, आवाज कमी झाला.

“आई, दिसत नव्हतं म्हनून आवाज वाढवला म्या. हारामुळं. आप्पांचा खोकला ऐकू यायचा, बरं वाटायचं. एवढंच व्हतं.”

“आन् बायांचं?”

“ते कानावर पडलं, आई. कान कसं बंद करू?”

“काढून टाक ह्ये.”

“काढतो. यिऊन काढतो. आन् आप्पा परत पडले तर? तू माळवं आनायला गेलेली आसली तर?”

महानंदा स्टुलावर बसलेल्या नवऱ्याकडे बघत राहिली. ते डोळे मिटून श्वास ओढत होते. पोराचा प्रश्न खोटा असता तर बरं झालं असतं. तिने पिन पुन्हा भिंतीत खोचली. कॅमेऱ्याने हाराखाली मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवली आणि तो थांबला.

त्यानंतर तिने हार घातला नाही.

ऋतुजाचं काय झालं ते कुणीच धड सांगेना. दूधवाला म्हणाला, घसरून पडली म्हणे. कुणी म्हणालं, मेंढराने धडक दिली. महानंदा एकदा वस्तीवर गेली. वडवणीहून तिथवर रिक्षा जात नाही, शेवटचा चढ ती पायी चढली. साखराबाई, म्हणजे ऋतुजाची सासू, दारातच भेटली. तिने बाजेवर बसवलं, पाणी दिलं, आप्पांची तब्येत विचारली. “सून झोपलीया,” म्हणाली. आतून आवाज आला नाही. वाघरीच्या जाळीत कोकरं ओरडत होती तेवढीच. महानंदा पाणी प्यायली आणि उतरून आली. सासूसमोर ती काय बोलणार होती?

आणि बायकांना कळायचं ते कळलं. कसं कळलं हे विचारू नये, बाजारात सगळं कळतं. फक्त उलटं कळलं. महानंदाकडे बोललेलं घरी पोचतं, असं कळलं. तोंडावर कुणी बोललं नाही. बायका येत राहिल्या, कारण तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. पण त्या यायच्या, हात पुढे करायच्या, बाही कोपराखालीच घट्ट धरून ठेवायच्या, आणि पाऊसपाण्याचं बोलायच्या. कधीकधी तेही नाही. महानंदाही मग बोलेनाशी झाली. माप विचारायची गरज नव्हती, रंग बोटाने दाखवता यायचा. पडद्याआड नुसता काचेचा आवाज यायचा.

संक्रांतीच्या आधीच्या बाजाराला पडदा सरकला आणि साखराबाई आत आली. तिच्यामागून ऋतुजा.

डोईवरचा पदर पुढे ओढलेला. ती बसली तेव्हा महानंदाला दिसलं, दोन्ही हात मोकळे होते. सवाष्ण बाईचे असे उघडे हात बघणं महानंदाच्या जिवावर आलं.

“पडली रानात,” साखराबाई म्हणाली. “हात मोडला. बांगड्या वाढल्या समद्या. सनाला मोकळ्या हातानं कशी ठिवायची? भरा.”

महानंदाने उजवा हात घेतला. तो जसाच्या तसा होता. सव्वादोनच्या बांगड्या एकामागून एक चढल्या. मग तिने डावा घेतला. मनगटाच्या वर हाड जुळलं होतं, पण वाकडं जुळलं होतं. हाडवैद्याकडे नेलं असावं, तेही उशिरा. अंगठा नीट आत वळत नव्हता. सव्वादोनची बांगडी तिथे अडली. महानंदाने ती काढली, अडीचची घेतली. अडीचची पुरुषी दिसते, मनगटात ढिली लोंबते. पण तीच गेली.

ऋतुजा चटईकडे बघत होती.

“आता मोबाईल-बिबाईल न्हाई ठिवला तिच्याजवळ,” साखराबाई आपणहून सांगू लागली. “कुटं जायचं झालं तर मी आसतीच संगं.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “आमच्या येळंला आमचे हात काय कमी मोडले का, महानंदाबाई? पर आमी सांगत न्हाई बसलो कुनाला.” आणि तिने स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. तिथेही एक जुना उंचवटा होता. महानंदाने तो पूर्वीच पाहिलेला होता, आणि तोंडावर आणला नव्हता.

महानंदाला ओरडून सांगावंसं वाटत होतं. म्या न्हाई सांगितलं गं. म्या कुनाला न्हाई सांगितलं. पण शेजारी साखराबाई होती. पडद्यापलीकडे आप्पा होते. डोक्यावर ते होतं, उघडं, कुंकवाचा जुना ठिपका अजून कपाळावर घेऊन. म्हणून तिने ऋतुजाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि दाबला. पुन्हा दाबला. हाताने जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं. इतकी वर्षं तिला हात वाचता येत होते. आपला हात दुसऱ्या कुणाला वाचता येईल का, ते तिला माहीत नव्हतं.

ऋतुजाने मान वर केली. तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग महानंदाकडे.

“त्याला आता दिसतंय का, आक्का?” ती म्हणाली.

तेवढंच. आवाजात राग नव्हता. साखराबाईने “काय गं?” म्हणून विचारलं.

महानंदाने पेटीतून वरची बांगडी काढली. सगळ्यांत चांगली, सोनेरी नक्षीची हिरवी, आणि उजव्या हाताला घातली. ऋतुजाने ती घालू दिली. मग डाव्या, वाकड्या हाताच्या बोटांनी तिने ती धरली, अंगठ्याच्या हाडावरून हळूहळू मागे ओढली आणि चटईवर महानंदाच्या गुडघ्यासमोर ठेवली. आपटली नाही, फेकली नाही. ठेवली.

“आगं, ती बिनपैशाची आसती,” साखराबाई म्हणाली. “राहू दे की.”

ऋतुजा उठली. तिने नमस्कार केला नाही. पडदा सरकला, पुन्हा जागेवर आला, आणि साखराबाई आप्पांकडे गूळ आणि तीळ मागत असल्याचा आवाज आला. आप्पांनी तीळ जोखताना सुनेला “बरी हायेस ना पोरी?” असं विचारलं. बांगड्यांचा आवाज पायरीकडे गेला.

त्या दिवशी बाजार मोठा होता. बायका येत राहिल्या, चटईच्या त्या कोपऱ्यात बांगडी पडलेली बघून गुडघा आखडून बसत राहिल्या. कुणी ती कुणाची म्हणून विचारलं नाही. महानंदाला ती उचलता येईना. पेटीत परत घालायची तर ती विकायची कशी? आणि दुसरीच्या हातात घालायची तर कोणत्या तोंडाने?

दिवेलागणीला राजेश्वरचा फोन आला.

“आई, आज दुपारपासनं तुमच्या बाजूचा आवाजच आला न्हाई. माईक बिघडला का काय?”

“न्हाई,” महानंदा म्हणाली. “चांगला हाय.”

“आप्पा?”

“चांगले हायेत.”

तिने मोबाईल कोनाड्यात ठेवला. फुटक्या काचा वेचल्या, पेटी मिटवली आणि केरसुणी घेतली. पडद्यापासून सुरुवात करून ती मागच्या दारापर्यंत आली. बांगडी होती तिथे तिने केरसुणी जरा वळवली, आणि कडेकडेने झाडून घेतलं.